अकरा महिन्यांची जांभळी वेल

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचं सामान दर अकरा महिन्यांनी थोडं थोडं कमी होत जातं. मिक्सरचं झाकण गोरेगावात राहतं, पडद्याचा रॉड मरोळच्या भिंतीतून निघत नाही म्हणून तिथेच सोडावा लागतो, आणि डिपॉझिटमधून काय काय कापलं जातं ते तर विचारूच नका! माझ्याबरोबर तिन्ही घरांत आलेली जिवंत वस्तू एकच. जांभळ्या पानांची एक लोंबती वेल.

तुम्ही ती नक्की पाहिलेली असणार. पानावर दोन चंदेरी पट्टे, मधे हिरवी-जांभळी रेघ, आणि पान उलटं केलं की खालून असा रंग, जसा जांभळं खाल्ल्यावर जिभेला येतो. ऑफिसच्या लॉबीत, डेन्टिस्टच्या वेटिंग रूममध्ये, एखाद्या कॅफेच्या खिडकीत ती टांगलेली असते. नर्सरीवाला तिला ‘वाँडरिंग ज्यू’ म्हणतो. शास्त्रीय नाव ट्रॅडेस्कॅन्शिया झेब्रिना. सतराव्या शतकात जॉन ट्रॅडेस्कॅन्ट नावाचे बाप-लेक इंग्लंडमध्ये नावाजलेले माळी होते, त्यांच्यावरून लिनियसनं हे नाव ठेवलं. झेब्रिना कशावरून ते पट्टे पाहून कळतंच. मूळची ही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. तिथे काही ठिकाणी तिला ‘कुकाराचा’, म्हणजे चक्क झुरळ म्हणतात. का, ते एकदा कुंडी दोन महिने विसरून बघा. कुठूनही निघते, कुठेही पसरते.

त्या ‘वाँडरिंग ज्यू’ नावाचं मात्र मला आता अवघड वाटतं. येशूला हिणवलं म्हणून जगबुडीपर्यंत भटकत राहण्याचा शाप मिळालेला एक ज्यू, अशी युरोपातली जुनी दंतकथा आहे आणि ती तिथल्या ज्यूद्वेषात मुरलेली आहे. परदेशातल्या बऱ्याच झाडवेड्यांनी हे नाव सोडून दिलंय. ते ‘इंच प्लांट’ म्हणतात. आपल्या कोकणात तर बेने इस्रायली लोक पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवत, मराठी बोलत सुखानं राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचं. त्या किनाऱ्यावर बसून कुणाला शापित भटक्या म्हणायचं कशाला? आमच्या घरी तिला साधं ‘जांभळी वेल’ म्हणायचे. मीही तेच म्हणते.

‘आमचं घर’ म्हणजे गिरगावातली चाळ. दुसरा मजला, लाकडी कठड्याची सामाईक गॅलरी, कठड्याला तारेनं बांधलेला डालड्याचा डबा आणि त्यातून खालच्या मजल्यापर्यंत लोंबणारी ही वेल. खालच्या काकू तिच्या टोकाशी रोज हुज्जत घालायच्या. त्यांच्या वाळत घातलेल्या टॉवेलला ती पुसून जायची ना! चाळ रीडेव्हलपमेंटला गेली, आई-बाबा डोंबिवलीला भाड्याच्या जागेत गेले. सामान हलवताना टेम्पोत डबा उलटला आणि त्यावर कपाट बसलं. खेळ खलास. वाचला तो फक्त मी आधीच गोरेगावच्या खोलीवर नेलेला एक तुकडा. ‘नवीन बिल्डिंग झाली की गॅलरीत पहिली हीच लावायची,’ असं आई तेव्हा म्हणाली होती. ती सहज म्हणाली असेल. मी ते फारच मनावर घेतलं.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी मढला राहायला आले. ऑफिस अंधेरीला, वर्सोव्याच्या बाजूला. जेट्टीवरून फेरीबोट पकडली की पाच मिनिटांत पलीकडे. बोटीत मोटरसायकली, शाळेची पोरं, कोळणींच्या टोपल्या आणि कानात इअरफोन घातलेले आम्ही. भाडं अंधेरीच्या मानानं निम्मं आणि खिडकीतून समुद्र. मैत्रिणी म्हणाल्या, ‘अगं, तू तर रिसॉर्टमध्ये राहतेस!’ रिसॉर्ट म्हणजे कोळीवाड्यातली वरच्या मजल्यावरची एक खोली. समोर वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले, त्यामुळे पहिला आठवडा मी उदबत्तीवर काढला. नंतर वास येईनासा झाला. वास गेला नव्हता, नाकानं ॲग्रीमेंट केलं होतं.

वेलीला मी घरातली सर्वांत चांगली जागा दिली. पश्चिमेची खिडकी, थेट समुद्रासमोर. मे महिना येईपर्यंत पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत. मला वाटलं, तहानलीय. पाणी वाढवलं. कडा आणखी जळल्या.

खरं कारण मला माहीत असायला हवं होतं. अकरावीच्या बायोलॉजी प्रॅक्टिकलमध्ये ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आठवतोय तो ऱ्हिओ? कॉलेजच्या कुंपणाशी लावलेलं, वरून हिरव्या आणि खालून जांभळ्या पानांचं झाड. त्याच्या पानाची खालची पातळ साल काढायची, काचपट्टीवर ठेवायची, मायक्रोस्कोपखाली जांभळ्या पेशी दिसायच्या. मग मिठाचं किंवा साखरेचं दाट पाणी सोडलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जायचं आणि जांभळा रंग आक्रसून मधे गोळा व्हायचा. रसाकुंचन! दोन मार्कांची आकृती. तो ऱ्हिओ म्हणजे या वेलीचा सख्खा भाऊ, तोही ट्रॅडेस्कॅन्शियाच. मढचा खारा वारा माझ्या खिडकीत रोज तेच प्रॅक्टिकल करत होता. वाऱ्याबरोबर आलेले खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार पानावर वाळतात, मीठ साचतं आणि पानातलं पाणी बाहेर खेचतं. अशा वेळी मुळांशी पाणी ओतून काय होणार? पानं गोड्या पाण्यानं धुवायला हवीत, आणि वाऱ्याच्या तोंडातून कुंडी बाजूला घ्यायला हवी.

बाजूला घेतली, तीही चुकीच्या जागी. फ्रिजच्या वर, कोपऱ्यात. तिथे वारा नाही, तसा उजेडही नाही. जूनमध्ये फेरीबोट पावसाळ्यासाठी बंद झाली, त्यामुळे ऑफिसला जायचं तर मढ-मार्वे रोडनं मालाड आणि तिथून पुन्हा अंधेरी. सकाळी अंधारून आलेलं असताना निघायचं आणि रात्री चिंब होऊन परतायचं. वेलीकडे बघायला सवड कुठली? जे बघितलं ते एका रविवारी. चंदेरी पट्टे जवळजवळ गायब. नवीन आलेली पानं मळकट हिरवी, लहान, आणि दोन पानांमधलं अंतर बोटभर. कुंडीच्या तोंडाशी तर नुसत्या उघड्या काड्या, टक्कल पडल्यासारख्या.

आता थोडं शास्त्र, कंटाळू नका. पानाचा तो जांभळा रंग म्हणजे अँथोसायनिन, जांभळात आणि लाल कोबीत असतं तेच. ते भरपूर उजेडात तयार होतं. उजेड कमी पडला की झाडाला ही चैन परवडत नाही; पोट भरायचं तर हरितद्रव्यच वाढवावं लागतं. मग रंग ओसरतो, आणि उजेडाच्या शोधात देठ लांबत जातात. चंदेरी पट्ट्यांची गंमत अजून वेगळी. तो रंग नाहीच! तिथे पानाच्या वरच्या कातडीखाली हवेची पातळ पोकळी असते आणि तिच्यावरून प्रकाश परत फिरतो, म्हणून ते चमकतं. म्हणूनच ट्यूबलाइटखाली बिचारी वाटणारी वेल सकाळच्या उन्हात एकदम पैठणीच्या काठासारखी दिसते. तिला खिडकीपासून दोन-तीन फुटांत ठेवा. सकाळचं तास-दीड तास कोवळं ऊन मिळालं तर उत्तमच, दुपारचं कडक ऊन नको. एवढं केलंत तर रंगासाठी दुसरं काही करावं लागत नाही. खताच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. महिन्यातून एकदा निम्म्या प्रमाणात पातळ केलेलं कुठलंही साधं खत पुरतं.

आणि पाणी! झाडं प्रेमानं मरतात ती पाण्यामुळेच. बाजारात मिळणाऱ्या टांगत्या प्लास्टिकच्या कुंड्यांना खाली चिकटवलेली बशी असते. वरून पाणी घातलं की ते बशीत साठतं, मुळं त्यात बुडतात, कुजतात. वरून झाड सुकलेलं दिसतं, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. माझं तेच झालं. बोट मातीत पहिल्या पेरापर्यंत घाला. ओलं लागलं तर तांब्या खाली ठेवा. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत माती दिवसच्या दिवस ओली राहते, तेव्हा ‘दर सोमवारी, गुरुवारी’ असलं टाइमटेबल चालत नाही. शिवाय त्या बशीतलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाचं मॅटर्निटी होम. मरोळला महापालिकेचे लोक दारोदारी फिरून कुंड्यांखालच्या बशा उलट्या करायला लावायचे, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. अंड्यातून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. ते बरोबर होते.

जुलैत कळस झाला. माझी घरमालकीण खाली राहते, तिला सगळे मावशी म्हणतात, मीही म्हणते. मी दोन दिवस ऑफिसच्या कामासाठी पुण्याला गेले होते, किल्ली मावशींकडे. त्यांनी आपलेपणानं वेलीला पाणी घातलं. कसलं? मासे धुतलेलं! त्यांच्या दारातला नारळ आणि कढीपत्ता त्याच पाण्यावर पोसलेला, त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं ते टॉनिक. बंद खोलीत, फ्रिजवर, बांगडे धुतलेलं पाणी. त्या वासानं मावशींचं मांजर खिडकीतून आत आलं, फ्रिजवर चढलं आणि कुंडीसकट खाली आलं.

मी परतले तेव्हा फरशीवर चिखल, तुटलेल्या वेलीचा गुंता आणि खरवडून अंग चाटणारं मांजर. (हे लक्षात ठेवा: या वेलीच्या रसानं मांजरा-कुत्र्यांच्या कातडीला खाज सुटू शकते, काही माणसांनाही. घरात प्राणी असतील तर कुंडी उंच टांगा, आणि बांगड्याचं पाणी नको.) मुळं पाहिली, तर काळी, मऊ, हात लावला की सुटून येणारी. मी तिथेच बसले आणि रडले. मला स्वतःलाच हसू येत होतं, पण थांबवता येईना. गिरगावातलं होतं ते एवढंच होतं माझ्याकडे.

मावशी वर आल्या. आधी मांजराला एक शिवी, मग वेलीकडे नजर. ‘आगो, रडतेस कनाला? यो त आपला केनाच हाय. रंगीत केना.’

मी त्यांना हे बाहेरचं झाड आहे वगैरे सांगायला लागले, आणि मधेच गप्प झाले. कारण त्या बरोबर होत्या! केना म्हणजे आपली पावसाळी रानभाजी. बांधावर, अंगणात, गटाराच्या कडेला उगवते, निळी नाजूक फुलं येतात, तिची भाजी आणि भजी करतात. केना आणि ही मेक्सिकन वेल एकाच कुळातली. कासच्या पठारावरची आभाळी-नभाळीसुद्धा याच कुळातली. नीट बघा: तसंच रसाळ देठ, तशीच देठाला मिठी मारून बसणारी पानं, तसंच एका दिवसाचं फूल. (जांभळ्या वेलीची भजी मात्र करू नका. मेक्सिकोत तिचं लिंबू पिळून सरबत करतात, पण आपल्याकडची नर्सरीतली रोपं कुठली कुठली औषधं मारून आलेली असतात.) आणि केना उपटून बांधावर फेकला तरी पेरापेरातून पुन्हा मुळं धरतो, हे शेतावर गेलेल्या कुठल्याही बाईला माहीत असतं.

मावशींनी विळी आणली. मी ‘हळू, हळू’ म्हणत होते आणि त्या सपासप कापत होत्या. कुजलेलं बूड सरळ कचऱ्यात. उघड्या काड्या कचऱ्यात. शेंड्याकडचे वीतभर लांबीचे जे निरोगी तुकडे उरले, ते बारा. एवढी मोठी माझी वेल, आणि उरले बारा तुकडे!

त्या रात्री आईला फोन केला. दोन महिने लपवलं होतं, त्या दिवशी सगळं सांगून टाकलं. कुंडी पडली, मूळ कुजलं, गिरगावची वेल गेली, फक्त काही तुकडे राहिलेत.

पलीकडे शांतता. मग आई हसायलाच लागली.

‘अगं, गिरगावची वेल कुठली? दर पावसाळ्यात मी तिला कापून काढायचे आणि त्याच डब्यात शेंडे खोचायचे. जुनं बूड दोन वर्षांच्या वर कधी ठेवलंच नाही. टक्कल पडतं ना तिला. तुझ्या लहानपणची वेल तू नववीत जायच्या आधी पंधरा वेळा बदलली असेल.’

‘मग मला कधी सांगितलं नाहीस?’

‘तू कधी विचारलंस? आणि डबा तरी एकच होता असं वाटतं की काय तुला? तीन डबे गंजून गेले.’

मी गॅलरीत उभी राहून अभ्यास करायचे, शेजारणीशी भांडायचे, पहिल्या नोकरीचं लेटर वाचलं तेही तिथेच. त्या सगळ्या वेळी ती वेल तिथे होती असं मी धरून चालले होते. ती होती, पण दरवर्षी आईच्या हातून नव्यानं लावलेली. आणि मी मात्र चार वर्षं तिला कात्री लावली नव्हती, गिरगावचा एक इंचही कमी होऊ नये म्हणून. टक्कल पडणं हा तिचा आजार नव्हताच. ती वाढतेच तशी: टोकाशी नवी पानं, बुडाशी जुनी गळतात. कापत राहिलं नाही तर दोन-तीन वर्षांत नुसती दोरी उरते.

तर, आता कापण्याबद्दल, आईच्या आणि मावशींच्या सांगण्यावरून. देठावर जिथे पान फुटतं तिथे एक गाठ असते, ते पेर. त्याच्या जरा खाली कापायचं. खालची एक-दोन पानं काढून टाकायची, म्हणजे उघडं पेर पाण्यात किंवा मातीत जाईल. मुळं तिथूनच फुटतात, बहुतेक वेळा आठवड्याच्या आत. मी सहा तुकडे काचेच्या बाटल्यांत ठेवले, कारण मुळं फुटताना दिसली की जिवाला बरं वाटतं. पाणी दर दोन दिवसांनी बदलायचं, नाहीतर पुन्हा ते डासांचं मॅटर्निटी होम. उरलेले सहा थेट मातीत खोचले: थोडी लाल माती, थोडं कोकोपीट, मूठभर शेणखत, आणि भोक असलेली कुंडी. चिकटवलेली बशी पक्कडीनं उचकटून काढली. सगळे तुकडे एकाच कुंडीत, जवळजवळ. इथेच बहुतेक लोक चुकतात. एका कुंडीत एकच काडी लावतात आणि मग ‘नर्सरीसारखी भरगच्च दिसत नाही’ म्हणून कुरकुरतात. नर्सरीवाल्यानंही आठ-दहा काड्याच लावलेल्या असतात!

नंतर महिन्या-दोन महिन्यांनी शेंडे खुडायचे. खुडलं की त्या पेरातून बाजूचे फाटे निघतात, आणि खुडलेला शेंडा परत त्याच कुंडीत. पूर्ण हिरवी झालेली फांदी दिसली तर तीच आधी खुडा, ती जोमानं वाढून बाकीच्यांना झाकते. हल्ली नर्सरीत गुलाबी-पांढरी ‘नॅनूक’ नावाची महागडी चुलतबहीण मिळते, तिचं तर हे हटकून होतं. उलट एखादी फांदी अगदीच पांढरी-गुलाबी निघाली तर फोटो काढून घ्या. हरितद्रव्य नाही, म्हणजे ती स्वतःचं पोट भरू शकत नाही. फार दिवस टिकत नाही बिचारी.

ऑफिसच्या डेस्कवर ठेवायची असेल, तर थेट एसीच्या झोतात नको. पानांची टोकं वाळतात. माझा उपाय सोपा आहे: दोन छोट्या कुंड्या, एक डेस्कवर, एक घरच्या खिडकीत, दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. फेरीबोटीत हातात कुंडी घेऊन उभी असले की लोक जागा देतात, हा बोनस.

आता बारापैकी दहा तुकडे लागलेत. दोन गेले, त्यांचं मी काही वाटून घेतलं नाही. हो, थोडं वाटलं. एक कुंडी डोंबिवलीला आईच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये आहे आणि आई रोज फोनवर तिची लांबी सांगते, जणू नातवाची उंची. आमची बिल्डिंग अजून सातव्या मजल्यापर्यंतच आलीय. बाबांनी परवा बिल्डरकडून नकाशा आणला. आईनं चष्मा लावून तो दोनदा पाहिला आणि विचारलं, ‘यात गॅलरी कुठाय?’

गॅलरी नाहीये. एक ‘ड्राय एरिया’ आहे, वॉशिंग मशीनसाठी. पूर्वेला उघडा, आई म्हणते, म्हणजे सकाळचं ऊन येईल. मशीनच्या वर हूक ठोकता येतो का ते बाबा विचारून येणार आहेत.

मावशींनी मासळीच्या थर्माकोलच्या एका जुन्या खोक्याला खाली भोकं पाडून त्यात जांभळी वेल आणि केना शेजारी शेजारी लावलाय. केन्याची भजी आम्ही दोनदा खाल्ली. मांजर त्या खोक्याच्या वाटेलाही जात नाही. माझं ॲग्रीमेंट संपत आलं होतं, मी आणखी अकरा महिन्यांचं केलंय.